‘चेक’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी कसे जावे

इंग्रजीतील ‘चेक’ हा शब्द मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी इतका रुळला आहे की तो आता परका वाटत नाही. बँकेत चेक भरला जातो, शर्टावर चेक्स असतात, यादी चेक केली जाते, विमानतळावर चेक-इन होते आणि बुद्धिबळाच्या पटावर राजाला चेक मिळतो. पैसा, कापड, पडताळणी, प्रवास आणि खेळ यांचा एकमेकांशी संबंध काय, असा प्रश्न ज्याला पडतो तो बहुधा शब्दकोश उघडतो, पहिल्या दोन ओळी वाचतो आणि ‘मूळ फारसी’ एवढे वाचून पुस्तक मिटतो. एवढ्याने उत्तर मिळाले असे वाटते, पण खरा प्रश्न तसाच राहतो, कारण फारसी राजापासून बँकेच्या कागदापर्यंत हा शब्द कोणत्या वाटेने आला हे त्या दोन शब्दांतून कळत नाही. ती वाट शोधण्याची एक पद्धत आहे, आणि ती कोणत्याही वाचकाला घरबसल्या वापरता येते. पुढील विवेचनात ‘चेक’ हा एकच शब्द शेवटपर्यंत हाती धरला आहे; मात्र ‘सेट’, ‘रन’, ‘बार’, ‘बोर्ड’ अशा कोणत्याही बहुअर्थी शब्दाला हीच रीत लागू पडते.

आधी अर्थ, मग मूळ

व्युत्पत्तीच्या नादी लागलेल्या माणसाला मुळापाशी पोहोचण्याची घाई असते. ही घाई टाळावी. शब्दाचे आज किती अर्थ आहेत याची नोंद हाताशी नसेल, तर मूळ सापडल्यावरही त्याने नेमके काय सिद्ध होते हे सांगता येत नाही. म्हणून पहिले काम वहीत अर्थ गोळा करण्याचे. येथे एक पथ्य पाळावे: अर्थासमोर नुसता मराठी प्रतिशब्द न लिहिता एक पूर्ण वाक्य लिहावे आणि त्या वाक्यात कोण, कोणाला, कशासाठी चेक करतो हे स्पष्ट असावे. ‘चेक करणे म्हणजे तपासणे’ अशी नोंद फारशी उपयोगाची नसते; ‘हिशेबनीस एक आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहतो’ ही नोंद पुढे कामाला येते, कारण त्यात दोन वस्तूंची तुलना आहे आणि ही तुलनाच या शब्दाच्या इतिहासातील कळीची गोष्ट आहे.

रोजच्या अर्थांवर थांबू नये. एखाद्या धंद्यात, खेळात किंवा एखाद्या देशाच्या बोलीत टिकून राहिलेले अर्थ अनेकदा जुने असतात आणि दुवा तेथेच सापडतो. शिकारी कुत्र्यांना वास हरवला आणि पाठलाग थबकला की त्या थबकण्याला इंग्रज शिकारी ‘चेक’ म्हणतात. आइस हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणे म्हणजे चेक. पोकरमध्ये आपली पाळी असताना पैसे न लावता ती पुढे सरकवणे हाही चेकच. अमेरिकेत उपाहारगृहातील बिलाला चेक म्हणतात, नाट्यगृहात कोट ठेवायला दिल्यावर मिळणारा बिल्ला चेक असतो, आणि ज्याला ब्रिटिश लोक ‘टिक’ म्हणतात ती बरोबरची खूणसुद्धा अमेरिकेत चेकच असते. ‘रेन चेक’ हा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकन बेसबॉलमधून आला: पावसाने सामना बंद पडला तर त्याच तिकिटाच्या तुकड्यावर प्रेक्षकाला पुढचा सामना पाहता येत असे. आज एखादे निमंत्रण नम्रपणे पुढे ढकलताना तोच शब्द वापरला जातो. राज्यशास्त्रात सत्तेच्या एका अंगाने दुसऱ्याला आवर घालण्याच्या व्यवस्थेला ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात.

एवढे जमले की अर्थांचे ढीग करावेत. हे काम शब्दकोश न पाहता, स्वतःच्या अंदाजाने करणे चांगले, कारण पुढे तो अंदाज कोठे चुकला यावरूनच बरेच शिकायला मिळते. ‘चेक’चे साधारण पाच ढीग पडतात: राजाला धोका, अडवणे किंवा आवरणे, पडताळणे, कागद किंवा बिल्ला, आणि चौकटींची नक्षी. बहुतेकांना वाटते की शेवटचा ढीग वेगळ्याच शब्दाचा असावा.

शब्द एक की दोन?

हा संशय रास्त आहे आणि तो वेळीच तपासला पाहिजे. इंग्रजीत असे कितीतरी शब्द आहेत की जे दिसायला व ऐकायला एकच वाटतात, पण जन्माने भिन्न असतात. ‘मॅच’ घ्या. काडेपेटीतील मॅच जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा तेथील अर्थ दिव्याची वात असा होता. सामना किंवा जोडी या अर्थाचा मॅच मात्र जुन्या इंग्रजीतील जोडीदारवाचक शब्दापासून झाला. ‘डेट’चेही तसेच आहे. खजूर या अर्थाचा डेट ग्रीक भाषेतील बोट या अर्थाच्या ‘डाक्टुलोस’ शब्दापर्यंत जातो, आणि तारीख या अर्थाचा डेट लॅटिनमधील ‘दिलेले’ या अर्थाच्या ‘डाटा’पासून येतो, कारण रोमन पत्रांच्या शेवटी ‘अमुक ठिकाणी, अमुक दिवशी दिले’ असे लिहिण्याची पद्धत होती. अशा वेळी दोन अर्थांत ओढूनताणून नाते जोडणारा माणूस स्वतःची फसगत करून घेतो.

चांगला शब्दकोश अशा शब्दांना स्वतंत्र नोंदी देतो आणि प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर लहान आकडा घालतो. तो आकडा दिसला की थांबून दोन्ही नोंदींतील व्युत्पत्ती वाचावी. मात्र वेगळी नोंद म्हणजे कायमचे वेगळेपण असेही समजू नये. नदीचा काठ या अर्थाचा ‘बँक’ आणि पैशाची ‘बँक’ यांच्या नोंदी निरनिराळ्या असतात. पहिला शब्द स्कँडिनेव्हियन वळणाचा, दुसरा सराफाचे बाक किंवा मेज या अर्थाच्या इटालियन ‘बांका’पासून आलेला. पण हा इटालियन शब्दच मुळात जर्मानिक भाषांकडून घेतलेला होता, त्यामुळे खूप मागे गेल्यावर दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. नोंदी वेगळ्या ठेवणे ही कोशकाराची सोय असते. नाते आहे की नाही हे व्युत्पत्तीच्या मजकुरातूनच ठरवावे लागते. ‘चेक’च्या बाबतीत नक्षीचा चेक काही कोशांत स्वतंत्र नोंदीत दिलेला असतो, तरीही तो अडवणाऱ्या चेकचा सख्खा भाऊ आहे. तो कसा, हे पुढे येईल.

कोश कोणता घ्यावा आणि कसा वाचावा

सर्व शब्दकोश एकाच हेतूने रचलेले नसतात. विद्यार्थ्यांसाठी केलेले कोश आज सर्वाधिक प्रचलित असलेला अर्थ सर्वप्रथम देतात. त्यांच्या क्रमावरून इतिहास काढणे चुकीचे ठरते. ऐतिहासिक कोशात अर्थ ज्या क्रमाने भाषेत आले त्या क्रमाने मांडलेले असतात आणि प्रत्येक अर्थाखाली त्या त्या काळातील लेखनातील अवतरणे सनासह दिलेली असतात. या प्रकारातील सर्वांत मोठा इंग्रजी कोश म्हणजे ऑक्सफर्डचा. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये त्याची कल्पना मांडली, १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादनाची सूत्रे घेतली, १८८४ मध्ये पहिला भाग निघाला आणि काम पुरे व्हायला १९२८ साल उजाडले. तोवर मरे हयात नव्हते. शेकडो स्वयंसेवक वाचकांनी जुनी पुस्तके वाचून, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवले, आणि त्या लक्षावधी चिठ्ठ्यांवर हा कोश उभा राहिला. या कोशाची आंतरजालावरील आवृत्ती वर्गणी घेऊन वाचावी लागते, पण अनेक ग्रंथालये ती सभासदांना उपलब्ध करून देतात. मध्ययुगीन इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाचा कोश विनामूल्य खुला आहे. ज्यांना थोडक्यात व्युत्पत्ती हवी त्यांच्यासाठी ‘एटिमऑनलाइन’ सोयीचे आहे. सुरुवात तेथून करण्यास हरकत नाही, फक्त शेवट तेथे करू नये.

नोंद वाचताना सर्वांत जास्त गोंधळ सनांचा होतो. एखाद्या अर्थासमोर १३०० च्या आसपासचा काळ दिला असेल, तर त्याचा अर्थ शब्द त्या वर्षी जन्मला असा नव्हे. त्या काळातील एका हस्तलिखितात तो सापडला, एवढेच त्यातून कळते. बोलण्यात तो कितीतरी आधीपासून असू शकतो, आणि उद्या कोणाला याहून जुना दाखला मिळाला तर सन मागे सरकतो. सनापूर्वी येणारे ‘सी’ हे अक्षर ‘सुमारे’ असे सांगते, तर ‘ए’ हे अक्षर ‘त्यापूर्वी’ असे सांगते. ही दोन अक्षरे न पाहता आकडे वहीत उतरवले तर क्रम उलटापालटा होतो. एखाद्या रूपापुढे तारांकन असेल तर ते रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नाही, भाषाशास्त्रज्ञांनी तुलनेने ते अनुमानिले आहे, असे समजावे. अनुमान म्हणजे थाप नव्हे. तरी लेखी पुरावा आणि अनुमान यांना वहीत एकाच शाईने लिहू नये.

एकेक पायरी मागे

आता मुळाकडे वळण्यास हरकत नाही. वाट नेहमी आजपासून मागे काढावी आणि प्रत्येक पायरीवर तीन प्रश्न विचारावेत: रूप काय होते, भाषा कोणती होती, आणि एका भाषेकडून दुसरीकडे शब्द जाण्याइतका संपर्क त्या काळी होता काय? तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत.

इंग्रजी ‘चेक’ चौदाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बुद्धिबळाच्या संदर्भात लेखनात दिसतो. त्याच्या मागे जुन्या फ्रेंचमधील ‘एस्चेक’ आहे. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या दरबाराची भाषा फ्रेंच झाली होती, त्यामुळे संपर्काचा प्रश्न सुटतो. सुरुवातीचा ‘ए’ मात्र गळाला. असा निराघात आद्य स्वर हळूहळू झिजून जाण्याला मरे यांनीच ‘अफेसिस’ हे नाव दिले, आणि ‘एस्क्वायर’चा ‘स्क्वायर’ होणे हे त्याचेच दुसरे उदाहरण आहे. फ्रेंच रूपाच्या मागे मध्ययुगीन लॅटिनमधील ‘स्काक्कुस’ उभा आहे. अरबांकडून बुद्धिबळ शिकताना युरोपीय लोकांनी शेवटच्या ‘ह’च्या जागी ‘क’ उच्चारला आणि शब्द लॅटिनच्या साच्यात बसवला. त्याच्या मागे अरबी, आणि अरबीच्या मागे फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला तेव्हा हा खेळ त्यांच्या हाती आला. ज्याला संस्कृतात चतुरंग आणि मध्य फारसीत चतरंग म्हणत, त्याचे शतरंज झाले, कारण अरबीत ‘च’ आणि ‘ग’ हे ध्वनी नव्हते. राजावर हल्ला झाला की खेळाडूने ‘शाह!’ असे म्हणून प्रतिपक्षाला सावध करायचे, अशी रीत होती. ही आरोळीच पुढच्या सगळ्या अर्थांची जननी आहे.

मराठी वाचकाने येथे थोडे थांबावे. आपण बुद्धिबळात ‘शह देणे’ म्हणतो, राजकारणात शह-काटशहाची भाषा करतो, संकटावर ‘मात’ करतो. हा शह फारसीतूनच आपल्याकडे आला. म्हणजे ‘चेक’ आणि ‘शह’ हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत, एक पश्चिमेकडून फिरून आलेला आणि एक थेट शेजारून आलेला. ‘चेकमेट’मधील ‘मेट’ म्हणजे आपली ‘मात’. मित्र किंवा जोडीदार या अर्थाच्या इंग्रजी ‘मेट’शी त्याचा काही संबंध नाही. ‘शाह मात’ या शब्दप्रयोगाचा अर्थ ‘राजा मेला’ असा काही जण अरबीच्या आधाराने लावतात, तर इतर अभ्यासकांच्या मते फारसीत त्याचा अर्थ ‘राजा निरुपाय झाला’ असा होतो. पटावर राजा कधीच मारला जात नाही, फक्त कोंडला जातो. त्यामुळे दुसरा अर्थ खेळाच्या नियमांना अधिक साजेसा वाटतो.

शाहच्या मागेही जाता येते. प्राचीन फारसीत राजाला ‘ख्शायथिय’ म्हणत, आणि इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस दारियस पहिला याने कोरवून घेतलेल्या बेहिस्तूनच्या शिलालेखात तो स्वतःला या शब्दाने ‘राजांचा राजा’ म्हणवतो. हा शब्द सत्ता गाजवणे या अर्थाच्या धातूपासून बनला आहे आणि संस्कृतातील ‘क्षत्र’ व ‘क्षत्रिय’ त्याच कुळातील आहेत. क्षत्रप हा शब्दही इराणी बाजूने याच घराण्यातून आला. ही पायरी वहीत लिहिताना एक काळजी घ्यावी: ‘चेक’ हा शब्द क्षत्रियापासून आला असे लिहू नये. दोघांचा पूर्वज एक, एवढेच विधान पुराव्याला धरून आहे. भावंड आणि पूर्वज यांतील हा फरक न पाळल्यामुळे जगातील प्रत्येक शब्द संस्कृतातून निघाल्याचे दाखवणारे लेख निपजतात.

अर्थाचे सांधे

रूपाची साखळी मिळाली म्हणजे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे अधिक अवघड आणि माझ्या मते अधिक रंजक असते: अर्थ कोणत्या सांध्यावर वळला हे दाखवायचे. त्यासाठी अवतरणे वाचण्याला पर्याय नाही. जेफ्री चॉसर याने लँकेस्टरची डचेस ब्लान्श हिच्या १३६८ मधील मृत्यूनंतर लिहिलेल्या शोककाव्यात एक शोकाकुल सरदार सांगतो की आपण दैवाशी बुद्धिबळ खेळलो, दैवाने आपली राणी मारली, आणि मग पटाच्या मध्यभागी ‘चेक’ आणि ‘मॅट’ म्हटले. या एकाच प्रसंगात तपासण्यासारखे खूप काही आहे. पटासाठी चॉसरने ‘चेकर’ हा शब्द वापरला आहे, म्हणजे चौकटींच्या अर्थाची शाखा तेव्हा अस्तित्वात होती. राणीसाठी ‘फेर्स’ हा शब्द आहे, तो फारसीतील वजीरवाचक ‘फर्झीन’चा वंशज. आणि मुख्य म्हणजे खेळातला शब्द येथे आयुष्यातील आघातासाठी वापरला गेला आहे. पटावरील धोक्यापासून जीवनातील अनपेक्षित अडथळ्यापर्यंत शब्द कसा सरकतो, याचा साक्षात पुरावा आपल्या समोर असतो.

तेथून पुढची साखळी सरळ आहे. शह मिळालेल्या खेळाडूला हातातील डाव सोडून आधी राजा वाचवावा लागतो, म्हणजे त्याची हालचाल थबकते. या थबकण्यापासून अडथळा, अडथळ्यापासून आवर घालणे, आणि आवर घालण्यापासून गैरव्यवहाराला आळा घालणे. हिशेबातील लबाडीला आळा घालायचा तर एक नोंद दुसरीशी ताडावी लागते. अशा रीतीने सतराव्या शतकाच्या अखेरीस पडताळण्याचा अर्थ पक्का झाला. आज हाच अर्थ मुख्य वाटतो, पण वयाने तो धाकटा आहे. ताडून पाहण्यासाठी जी वस्तू ठेवायची तिलाही मग तेच नाव मिळाले: बँकेच्या कागदाचे फाडून ठेवलेले स्थळप्रत-अर्धुक अठराव्या शतकात ‘चेक’ म्हणवले जाऊ लागले, कारण त्याच्याशी जुळवून खरेखोटे ठरवता येत असे. नंतर अर्धुकाचे नाव मूळ कागदालाच चिकटले. कोटाचा बिल्ला आणि सामानाची पावती हे त्याच कल्पनेचे पुढचे फाटे.

हे सांधे आपण कल्पनेने तर जोडत नाही ना, याची खातरजमा करण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे बहीणभाषांत डोकावणे. फ्रेंचमध्ये ‘एशेक’ म्हणजे अपयश. जर्मनमध्ये बुद्धिबळाला ‘शाख’ म्हणतात आणि एखाद्याला ‘शाखमध्ये धरणे’ म्हणजे त्याला आवरून धरणे. तीन भाषांत खेळातील शब्दाला अडवणुकीचा किंवा पराभवाचा अर्थ आला आहे, तेव्हा इंग्रजीतील सांधा काल्पनिक नाही हे मान्य करावे लागते. जाता जाता, ‘चेस’ हे खेळाचे इंग्रजी नाव म्हणजे फ्रेंचमधील याच शब्दाचे अनेकवचन आहे.

राहिला चौकटींचा ढीग. फ्रेंचमध्ये ‘एस्चेक’पासून पटासाठी ‘एस्चेकिए’ हा शब्द झाला आणि बाराव्या शतकातील इंग्लंडमध्ये राजाच्या महसुलाचा हिशेब घेणाऱ्या कचेरीला तेच नाव पडले. हे नाव का पडले हे तर्काने ठरवण्याची गरज नाही, कारण दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकाच्या अखेरीस या कचेरीच्या कारभारावर लॅटिनमध्ये प्रश्नोत्तररूप ग्रंथ लिहिला आणि त्यात हा खुलासा स्वतःच करून ठेवला. सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद असे मेज, त्यावर रेघा आखलेले काळे कापड, रेघांमधील रकान्यांत पेनी, शिलिंग, पौंड दाखवण्यासाठी मांडलेल्या सोंगट्या, एका बाजूला खजिनदार आणि दुसऱ्या बाजूला हिशेब द्यायला आलेला शेरीफ. दोघांची ती झुंज पाहून बुद्धिबळाचा पट आठवावा यात नवल नाही, असे त्याचे म्हणणे. पुढे या शब्दातील ‘एस्’ हा लॅटिन ‘एक्स’ उपसर्गाचा अपभ्रंश असावा असा गैरसमज झाला, आणि लेखनात ‘एक्स’ घुसून ‘एक्स्चेकर’ हे आजचे रूप तयार झाले. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही त्या मेजाच्या नावाने ओळखला जातो. कापडावरील चौकटींनाही याच पटाचे नाव मिळाले, म्हणून शर्टावरील चेक्सचे मूळही राजाच्या आरोळीतच आहे. ब्रिटिश लेखनात बँकेच्या चेकच्या शेवटी जे वेगळे वर्णलेखन दिसते, तेही ‘एक्स्चेकर’च्या छायेत आले, अमेरिकेने जुने सोपे लेखन कायम ठेवले. याचा अर्थ बँकेच्या कागदाचे मूळ एका शाखेत आहे आणि त्याचे ब्रिटिश लेखन दुसऱ्या शाखेकडून उसने आले आहे.

गोड गोष्टींपासून सावध

ज्या शब्दाचा इतिहास इतका रंगतदार असतो त्याच्याभोवती खोट्या व्युत्पत्तीही जमा होतात. ‘चेक’च्या बाबतीत सर्वांत प्रतिष्ठित दावा असा की बँकेचा चेक हा अरबी ‘सक्क’ या शब्दापासून आला. सक्क म्हणजे पैसे देण्याचा लेखी हुकूम, आणि मध्ययुगीन इस्लामी जगात असे कागद खरोखर चालत. अर्थ जुळतो, उच्चारही जवळचा. दावा पटकन पटतो. पण वर सांगितलेल्या तीन प्रश्नांची कसोटी लावून पाहावी. सक्कपासून इंग्रजी चेकपर्यंतच्या मधल्या पायऱ्यांची रूपे मिळत नाहीत. उलट इंग्रजीतल्या इंग्रजीत अर्धुकापासून कागदापर्यंतची वाट दाखल्यांसह दिसते. त्यामुळे प्रमुख कोश इंग्रजी वाटेलाच मान्यता देतात. कागदाची कल्पना पूर्वेकडे आधीपासून होती हे खरे असू शकते आणि तरीही शब्द तेथून आलेला नसतो. वस्तूचा इतिहास आणि नावाचा इतिहास या दोन स्वतंत्र चौकश्या आहेत.

चेक लोकांचे व त्यांच्या देशाचे नाव तर केवळ उच्चारसाम्याने येथे येते. ते त्या लोकांनी स्वतःला दिलेले स्लाव्ह नाव आहे, आणि पोलिश धर्तीच्या लेखनातून इंग्रजीत शिरले आहे.

आद्याक्षरांची कथा ऐकू आली तर विशेष सावध व्हावे. ‘न्यूज’ हा शब्द चार दिशांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांतून झाला असे अनेकांना शाळेत सांगितले जाते. वास्तविक तो ‘नवे’ या अर्थाच्या विशेषणाचे अनेकवचन आहे. ‘पॉश’ हा शब्द जहाजाच्या जाताना डाव्या आणि येताना उजव्या बाजूच्या खोल्यांच्या तिकिटांवर छापलेल्या आद्याक्षरांतून आला म्हणतात, पण तशी अक्षरे छापलेले एकही तिकीट पुराव्यादाखल पुढे आलेले नाही. आद्याक्षरे जुळवून उच्चारण्याजोगा शब्द घडवण्याची प्रथा मुख्यतः विसाव्या शतकातली आहे. त्यापूर्वीच्या कोणत्याही शब्दाला अशी कथा चिकटलेली दिसली की ती बाजूला ठेवावी.

छापील पुस्तकांतील शब्दांची वारंवारता दाखवणारी गूगलची आलेखसेवाही जपून वापरावी. ती अक्षरे मोजते, अर्थ मोजत नाही. ‘चेक’चा आलेख चढला म्हणून लोक अधिक पडताळणी करू लागले की अधिक चौकटीचे कपडे घालू लागले, हे त्यावरून सांगता येणार नाही.

नोंद कशी लिहावी

सर्व सामग्री जमल्यावर सलग मजकूर लिहिण्याआधी एक कोरा कागद आडवा धरून त्यावर शब्दाचे झाड काढावे. बुंध्याला ‘शाह’, त्यावर लॅटिन व फ्रेंच रूपे, आणि फ्रेंच रूपापाशी झाडाला दोन फांद्या: एक आरोळीची, दुसरी पटाची. पहिल्या फांदीवर अडथळा, आवर, पडताळणी, अर्धुक, बँकेचा कागद, बिल्ला. दुसऱ्या फांदीवर चौकटी, राजाचे मेज, अर्थमंत्र्याचा हुद्दा. प्रत्येक टोकाशी सर्वांत जुन्या दाखल्याचा काळ लिहावा. एखाद्या फांदीवर धाकटा अर्थ थोरल्याच्या खाली आलेला दिसला, तर सन किंवा सांधा यांपैकी काहीतरी चुकले आहे हे लगेच कळते. सुरुवातीला स्वतःच्या अंदाजाने केलेले ढीग आता या झाडाशी ताडून पाहावेत. चौकटींचा ढीग परका वाटला होता आणि तो घरचाच निघाला. पडताळणीचा अर्थ थोरला वाटला होता आणि तो धाकटा निघाला.

दुसरा शब्द निवडताना पहिल्याच वेळी ‘सेट’ किंवा ‘रन’ला हात घालू नये; त्यांच्या क्रियापदरूपाचेच अर्थ शेकड्यांनी मोजावे लागतात. ‘स्टॉक’ घ्यावा. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ झाडाचा बुंधा किंवा ओंडका असा होता, आणि आज तो शेअर, मालाचा साठा, बंदुकीचा दस्ता, गुरेढोरे आणि स्वयंपाकातील अर्क अशा सर्व ठिकाणी भेटतो. त्यातील एक धागा पुन्हा एक्स्चेकरच्या मेजाशी जातो: तेथे भरलेल्या रकमेची पावती म्हणून खाचा पाडलेली लाकडी काठी उभी चिरून दोन तुकडे केले जात आणि मोठ्या तुकड्याला स्टॉक म्हणत. १८३४ मध्ये अशा जुन्या काठ्या वेस्टमिन्स्टर येथील भट्ट्यांत जाळताना लागलेल्या आगीत ब्रिटिश संसदेची इमारत भस्मसात झाली. शेअर बाजारातील अर्थ या काठीतून थेट निघाला की बुंध्यातून, म्हणजे व्यवसायाच्या मूळ भांडवलाच्या कल्पनेतून, हे ठरवण्यासाठी दोन्ही अर्थांचे जुने दाखले सनवार लावून पाहावेत.